कोळ्याचे विष आणि मज्जातंतू

आपण हात उचलतो तेव्हा मेंदूची आज्ञा स्नायूपर्यंत कशी पोहोचते? पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून निघणारे प्रेरक मज्जातंतू ती वाहून नेतात. या तंतूंच्या आवरणात अत्यंत सूक्ष्म द्वारे असतात. संदेश येताच ती उघडतात, सोडियमचे विद्युत्भारित कण आत शिरतात आणि सुमारे एक सहस्रांश सेकंदात द्वारे पुन्हा मिटतात. अशी विद्युत्-लहर तंतूच्या टोकाशी पोहोचली म्हणजे तेथे ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य स्रवते आणि स्नायू आकुंचन पावतो.

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या परिसरात आढळणारा फनेल-वेब कोळी नेमका याच व्यवस्थेवर घाला घालतो. बिळाच्या तोंडाशी नरसाळ्यासारखे जाळे विणतो, म्हणून त्याचे हे नाव. त्याच्या विषात अवघ्या ४२ अमिनो आम्लांचे एक चिमुकले प्रथिन असते. ते सोडियमच्या द्वारांना चिकटते व ती वेळेवर मिटू देत नाही. मग मेंदूची आज्ञा नसतानाही तंतू पुन्हा पुन्हा संदेश धाडू लागतो. स्नायू थरथरतात, जीभ फडफडते. आंतरिक इंद्रियांचे मज्जातंतूही असेच चेतविले गेल्याने घाम, अश्रू व लाळ वाहू लागते, रक्तदाब चढतो आणि फुप्फुसांत द्रव साचून श्वास कोंडतो. नराचे विष मादीच्या विषाहून कितीतरी तीव्र असते. १९८१ पूर्वी या दंशाने १३ जण दगावल्याची नोंद आहे.

नवल असे की, मनुष्य व माकड यांना घातक ठरणारे हे विष सशाला फारसे बाधत नाही. मेलबर्न येथील डॉ. स्ट्रुअन सदरलंड यांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. सशांना वाढत्या मात्रेने विष टोचले असता त्यांच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात. ती वेगळी काढून त्यांनी प्रतिविष सिद्ध केले. १९८१ पासून ते रुग्णांना मिळू लागले आणि तेव्हापासून या कोळ्याच्या दंशाने कोणी दगावल्याची नोंद नाही. दंश झालेल्या हातापायाला घट्ट पट्टी बांधून तो अवयव हलू न देणे, हा तेथील प्रथमोपचारही सदरलंड यांचीच देणगी होय.

आपल्या घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा कोळी या जातीचा नव्हे. तो माश्या व डास खाऊन आपल्यावर उपकारच करतो. भय वाटेल तेथे आधी निरीक्षण करावे. ज्या कोळ्याच्या विषाने माणसे दगावत होती, त्याच विषातून त्यांना वाचविणारे औषध लाभले, ते अशा निरीक्षणामुळेच.