ताणाचा लगाम सुटतो तेव्हा

ताण ही मुळात व्याधी नव्हे. संकटाला तोंड देण्यासाठी निसर्गाने शरीरात केलेली ती तजवीज आहे. मुलाखतीपूर्वी होणारी छातीतील धडधड किंवा काम पूर्ण करण्याची मुदत जवळ आली की अचानक वाढणारी एकाग्रता, ही याच व्यवस्थेची रूपे होत. प्रसंग सरला की शरीराने पूर्वपदावर यावे, अशी ही रचना आहे. नोकरी-व्यवसायात गुंतलेल्या अनेकांच्या बाबतीत मात्र प्रसंग सरतच नाही. महिनोन् महिने टिकून राहणाऱ्या अशा ताणाचा नैराश्याशी काय संबंध आहे, याचा शोध घेताना वैद्यकशास्त्राचे लक्ष वारंवार कॉर्टिसॉल या संप्रेरकाकडे वळले आहे. हा संबंध खरा आहे. पण तो जितका सरळ समजला जातो तितका सरळ नाही.

मेंदूपासून ग्रंथीपर्यंत

व्हिएन्ना येथे जन्मलेले आणि कॅनडात संशोधन करणारे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध केले. थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्ये अशा अगदी भिन्न कारणांनी उंदरांना त्रास झाला, तरी त्यांच्या शरीराची प्रतिक्रिया एकसारखीच असते, असे त्यांचे निरीक्षण होते. ताणाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया या निरीक्षणाने घातला.

या प्रतिक्रियेची साखळी आज बऱ्याच तपशिलाने ठाऊक आहे. धोक्याची जाणीव होताच काही सेकंदांत ॲड्रिनॅलिन स्रवते आणि हृदयाची गती वाढते. त्यापाठोपाठ मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पियूषिका ग्रंथीला आणि पियूषिका ग्रंथी मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना रासायनिक संदेश पाठवते. अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल रक्तात मिसळते. ते रक्तातील साखर वाढवून स्नायूंना आणि मेंदूला इंधन पुरवते. पुनरुत्पादनासारखी त्या क्षणी निकडीची नसलेली कामे मागे ठेवते.

कॉर्टिसॉल हे शत्रू नव्हे. त्याच्याविना माणूस जगू शकत नाही. निरोगी व्यक्तीत पहाटेपासून त्याचे प्रमाण वाढू लागते, जाग आल्यावर साधारण अर्ध्या तासात ते सर्वाधिक होते आणि दिवसभर उतरत जाऊन मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकाला पोहोचते. विशेष म्हणजे आपल्या निर्मितीला लगामही तेच घालते. रक्तातील प्रमाण पुरेसे झाले की हायपोथॅलॅमस, पियूषिका ग्रंथी आणि स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस या ठिकाणचे ग्राहक रेणू ते ओळखतात आणि ‘आता पुरे’ असा संदेश जातो. दीर्घकालीन ताणात हा लगामच सैल पडण्याचा धोका असतो.

आशा आणि मर्यादा

कॉर्टिसॉलचा मनःस्थितीवर परिणाम होतो, याचा पुरावा एका वेगळ्याच आजारातून मिळाला. अमेरिकी मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली वर्णन केलेल्या, आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात शरीरात कॉर्टिसॉल अतिरिक्त प्रमाणात तयार होते. अशा रुग्णांपैकी पुष्कळांना नैराश्य ग्रासते आणि कॉर्टिसॉल आटोक्यात आल्यावर अनेकांची मनःस्थिती सुधारते.

पुढे तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांतही कॉर्टिसॉल वाढलेले आढळले. डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड रात्री दिल्यास निरोगी व्यक्तीतील कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवशी घटलेले असते. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत ते घटत नव्हते. १९८१ साली बर्नार्ड कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चाचणीवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मधुमेहाप्रमाणे नैराश्याचेही निदान रक्ततपासणीने होईल, अशी आशा निर्माण झाली. ती टिकली नाही. नैराश्य असूनही अनेकांची चाचणी सर्वसाधारण येई. उलट वजनातील घट, मद्यपान वा अन्य आजारांमुळेही ती सदोष दिसे. नैराश्याच्या काही प्रकारांत तर कॉर्टिसॉल वाढलेले नसतेच. या संप्रेरक-साखळीला रोखणाऱ्या काही औषधांच्या चाचण्याही नैराश्यावर अपेक्षित यश देऊ शकल्या नाहीत.

याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. रक्तातील कॉर्टिसॉलच्या एका आकड्यावरून नैराश्य आहे किंवा नाही, हे ठरवता येत नाही. आनुवंशिकता, बालपणातील आघात, एकाकीपणा, शारीरिक आजार आणि सध्याची परिस्थिती या सर्वांचा त्यात वाटा असतो. अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

कामाचा भार की कामाची रीत?

लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल-२’ हा अभ्यास १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा त्यात वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. कामाच्या वाढत्या मागण्या, निर्णयाचे अपुरे स्वातंत्र्य, वरिष्ठांचे व सहकाऱ्यांचे तोकडे पाठबळ आणि श्रमांच्या मानाने मिळणारा अपुरा मोबदला, यांचा संबंध पुढे उद्भवणाऱ्या मानसिक त्रासाशी असल्याचे त्यातून दिसून आले. म्हणजे केवळ काम जास्त असणे पुरेसे कारण नव्हे. काम डोईजड आणि त्यावर आपला ताबा शून्य, ही जोडी अधिक घातक ठरते.

आपल्या महानगरांत त्यात लोकलचा प्रवास, रात्रपाळी आणि अवेळी खणखणणारा मोबाइल यांची भर पडते. रात्रपाळीमुळे झोपेची आणि कॉर्टिसॉलची नैसर्गिक लयही विसकटते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वीसपैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने गाठल्याचे आढळले. ऐन कर्त्या वयात, चाळिशीतील व्यक्तींत, तसेच महानगरांतील रहिवाशांत हे प्रमाण अधिक होते.

केव्हा सावध व्हावे?

कामाचा कंटाळा सुटीत ओसरतो. नैराश्य ओसरत नाही. दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहणे, आवडीच्या गोष्टींत रस न उरणे, भल्या पहाटे जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, भूक बदलणे, सततचा थकवा, अपराधीपणा, चित्त एकाग्र न होणे, ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. थायरॉइडच्या दोषातही यातील काही लक्षणे दिसतात, त्यामुळे डॉक्टर ती तपासणी सुचवू शकतात. समुपदेशन आणि औषधे हे दोन्ही उपाय परिणामकारक आहेत. औषधे मात्र मनाने बंद करू नयेत. नियमित व्यायाम आणि पुरेशी झोप यांची जोड उपयुक्त ठरते. जीव नकोसा वाटू लागल्यास क्षणाचाही विलंब न लावता मदत मागावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

तथापि, सारा भार कर्मचाऱ्याच्या खांद्यावर टाकणे न्याय्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत कामाची परिस्थिती बदलण्यावर आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण देण्यावरही भर दिला आहे. कार्यालयात योगवर्ग भरवणे सोपे असते. कामाचे तास आखणे आणि कर्मचाऱ्याला आपल्या कामाबाबत बोलण्याचा अधिकार देणे कठीण. नैराश्य हा मनाचा दुबळेपणा नाही, हे संप्रेरकांच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. शरीराचा लगाम सैल पडण्याआधी कामालाच लगाम घालण्याची जबाबदारी आता कार्यालयांनीही उचलली पाहिजे.