चालता चालता बोलणे

म्हातारा माणूस पडला की पायांतले बळ गेले असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. चालणे हे जसे पायांचे काम आहे तसे डोक्याचेही आहे. तरुणपणी डोके ते नकळत उरकते. उतारवयात पावलोपावली लक्ष खर्च करावे लागते. अशा वेळी कोणी हाक मारली, आडवी सायकल आली, की लक्ष अपुरे पडते आणि पाय अडखळतो.

१९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. वृद्धांच्या निवासातील ५८ जणांशी त्यांनी चालता चालता बोलणे काढले. बारा जण बोलण्यासाठी थांबले. पुढील सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. मोर्चात आमचे जुने सभासद बोलण्यासाठी मध्येच उभे राहत, मागची रांग तुंबे, आणि आम्ही त्यांच्यावर ओरडत असू. त्याची आज लाज वाटते.

या दुबळ्या लक्षालाच तालीम देता येईल काय? तेल अवीवच्या अनात मिरेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांत हा प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. साठ ते नव्वद वर्षांची ३०२ माणसे; प्रत्येक जण आधीच्या सहा महिन्यांत निदान दोनदा पडलेला. त्यांचे दोन गट केले. दोन्ही गट सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, सुमारे पाऊण तास फिरत्या पट्ट्यावर चालले. श्रम सारखेच. मात्र एका गटापुढे मोठा पडदा होता. कॅमेरा पावले टिपी आणि चालणाऱ्याला पडद्यावरच्या रस्त्यात आपलेच पाय दिसत. वाटेत अडथळे येत, ते ओलांडायला पाय नेमका उचलावा लागे. फाटे फुटत, त्यांतला एक निवडावा लागे. लक्ष विचलित करणारी दृश्येही असत. यालाच आभासी वास्तव म्हणतात. डोळ्यांवर काही चढवलेले नव्हते.

पुढील सहा महिन्यांत नुसत्या चालणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण माणशी सरासरी १०.७ वरून ८.३ वर आले, खेळ खेळलेल्यांचे ११.९ वरून ६ वर. आकडे एवढे मोठे दिसतात, कारण त्यांत वारंवार पडणारे कंपवाताचे रुग्णही होते. फायदाही त्यांनाच विशेष झाला. नुसत्या चालणाऱ्यांचा आकडाही थोडा खाली आला, हे लपवण्याचे कारण नाही. पण दोन गटांतला फरक पायांच्या मेहनतीने पडलेला नाही, कारण ती दोघांचीही तेवढीच होती.

खेळ म्हटले की नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. आमचा आक्षेप निराळा आहे. पट्टा, कॅमेरा, पडदा आणि जवळ उभा राहणारा शिकवणारा, एवढ्याचा खर्च निवृत्त कामगाराने कोठून करावा? तोवर व्यायामोपचार करणारे यंत्रावाचून याच जातीची तालीम देतात: चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करीत उलटे मोजायला लावतात. ज्याचा तोल गेलेला आहे त्याने हे एकट्याने करू नये. हात धरायला शेजारी कोणीतरी हवे.