दुसऱ्या ठिणगीचा खटला

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बजाजच्या पल्सर मोटारसायकलवर २००३ पासून ‘डीटीएस-आय’ ही अक्षरं झळकू लागली. एका इंजिनाला दोन स्पार्क प्लग, एवढाच त्यांचा अर्थ लोकांनी घेतला. अडचण काय होती, ते पाहिलं की या दुसऱ्या प्लगची किंमत कळते.

सिलिंडर हेडमधली बरीचशी जागा व्हॉल्व्हच अडवतात. प्लगला मधोमध जागा उरत नाही, तो कडेला सरकतो. ठिणगी पडली की ज्योतीला तिथून थेट पलीकडची कड गाठावी लागते. मिनिटाला ७,५०० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा ८ मिलिसेकंदांत संपतो आणि ज्वलनाच्या वाट्याला त्यातला लहानसा तुकडा येतो. पेट्रोल कमी, हवा जास्त असं ‘लीन’ मिश्रण तर आणखी सावकाश जळतं, पण मायलेजसाठी हवं असतं तेच. समोरासमोर दोन प्लग दिले की दोन ज्योती मध्ये भेटतात, अंतर जवळपास निम्मं होतं.

ही कल्पना मुळात जुनी. विमानांची पिस्टन इंजिनं फार आधीपासून दोन प्लगवर चालतात; होंडाचंही या धर्तीचं अमेरिकी पेटंट होतं. आकुर्डीच्या बजाज ऑटोनं १६ जुलै २००२ ला अर्ज केला तो ४५ ते ७० मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) छोट्या इंजिनासाठी, लीन मिश्रण आणि दोन ठिणग्या यांच्या जोडणीसाठी. कॅमच्या साखळीकडे सतत तेल उडतं, म्हणून त्या बाजूचा प्लग स्लीव्हमध्ये बसवला होता. ७ जुलै २००५ ला पेटंट क्रमांक १९५९०४ मिळाला.

अशा सुधारणांना किरकोळ म्हणणं मला पटत नाही. दुसऱ्याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या: लेबलं आणि डायपर यांसाठीचा हॉट-मेल्ट गोंद थंड झाल्यावरही चिकट राहतो, त्याच्या लाद्या एकमेकींना धरून बसतात. म्हणून तो अशा प्लॅस्टिक फिल्ममध्ये भरतात, जी सोलावी लागत नाही, गोंदाबरोबरच टाकीत वितळून मिसळते. पण ओतताना गोंदच ती फिल्म वितळवेल! त्यासाठी बाहेरून थंडावा द्यायचा. गोंद ओळखीचा, फिल्म ओळखीची; तरी नॅशनल स्टार्चला १९९०च्या दशकात या पद्धतीवर अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि ते योग्यच होतं.

डिसेंबर २००७ मध्ये टीव्हीएसनं दोन प्लगची १२५ सीसी मोटारसायकल ‘फ्लेम’ आणली आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. आमच्या इंजिनाला तीन व्हॉल्व्ह आहेत आणि बजाजच्या रचनेत नवं काही नाही, असं टीव्हीएसचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई हुकूम निघाला. मे २००९ मध्ये खंडपीठानं तो उठवला. १६ सप्टेंबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, विक्रीचा चोख हिशेब ठेवायला सांगितलं आणि असे खटले रोजच्या रोज चालवून चार महिन्यांत निकाली काढावेत, असं सगळ्या न्यायालयांना बजावलं.

प्रत्यक्षात दहा वर्षं गेली आणि २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. तीन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये ज्योत वेगळी धावते का, छोट्या बोअरमध्ये दुसऱ्या ठिणगीनं किती इंधन वाचतं, हे टेस्ट बेंचवर मोजता येणारे प्रश्न होते. साक्षीपुरावे होऊन त्यांवर निकाल आला असता, तर भोसरी-चाकण पट्ट्यातल्या प्रत्येक डिझाइन विभागानं तो बारकाईनं वाचला असता. पेटंटची २० वर्षांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली.