पाकिटावरची एक ओळ आणि ३०,००० मालगाड्या

२००९ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न प्राणिसंग्रहालयाने ओरांगउटानसाठी एक मोहीम काढली. नाव ‘डोन्ट पाम अस ऑफ’. पाम लागवडीसाठी जंगलं तुटतात आणि त्यांत राहणाऱ्या या वानरांचं घर जातं, म्हणून ही मोहीम. मागणी अगदी साधी होती. बिस्किटाच्या पाकिटावर नुसतं ‘वनस्पती तेल’ छापून मोकळे होऊ नका. आत पाम तेल असेल तर तसं स्पष्ट लिहा. दीड लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. २०११ मध्ये विधेयक सिनेटमध्ये मंजूर झालं आणि पुढच्या सभागृहात अडकलं.

एका ओळीसाठी एवढा आटापिटा? त्या ओळीमागे तेल किती आहे, ते जरा मोजूया. कंबर कसून बसा.

जगात वर्षाला निदान ७.५ कोटी टन पाम तेल निघतं. नुसता आकडा वाचून काहीच होत नाही, म्हणून ते मालगाडीत भरू. एका गाडीत २,५०० टन धरले, तर गाड्या लागतील ३०,०००! रोज ८२. दर साडेसतरा मिनिटांनी एक, रात्रंदिवस, दिवाळी-दसऱ्यालाही सुट्टी नाही. इंजिनासकट एक गाडी साडेसहाशे मीटर लांब धरा आणि वर्षभराच्या सगळ्या गाड्या एकामागे एक उभ्या करा. रांग होते १९,५०० किलोमीटरची. मुंबई ते पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. म्हणजे हा मार्ग टोकापासून टोकापर्यंत शंभरदा गच्च भरेल!

रेल्वे नको? मग विहिरी घ्या. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर काठोकाठ तेलाने भरली तर त्यात साधारण ३२० टन मावतं. जगाचं वर्षाचं तेल ओतायला अशा २,३०,००० हून जास्त विहिरी खणाव्या लागतील. महाराष्ट्रातल्या एकूण एक गावात पाच-पाच खणल्या तरी तेल उरेलच.

आता आपल्या घरात डोकावू. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ वाटला. रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पाम तेल, दीड कोटींहून अधिक शिधापत्रिकांवर. केवढं हे तेल! पण आपल्या हिशोबात बसवा: जेमतेम सहा मालगाड्या. मुंबईहून सुटलेली गाडी घाट चढून लोणावळ्याला टेकायच्या आत जग तेवढं तेल काढून मोकळं होतं.

आणि या तेलाचं जगातलं सगळ्यात मोठं आयातदार गिऱ्हाईक कोण? आपणच. भारत वर्षाला साधारण ८० लाख टन पाम तेल बाहेरून आणतो. म्हणजे ३,२०० गाड्या, रोज जवळजवळ नऊ. टनाला हजार डॉलर आणि डॉलरला ८५ रुपये धरले तर बिल होतं ६८,००० कोटी रुपये. दर सेकंदाला २१,००० रुपये! हे वाक्य वाचेपर्यंत लाखभर रुपये गेलेसुद्धा. तेच तेल पंधरा किलोच्या डब्यांत भरलं तर डबे होतात ५३ कोटी. एक फूट उंचीचा डबा धरून डब्यावर डबा रचत गेलो, तर ती उतरंड पृथ्वीला चार वेढे घालेल.

एवढं तेल पिकतं कुठे? सगळ्या जगातल्या पाम लागवडीची बेरीज ३ कोटी हेक्टरच्या घरात जाते. म्हणजे जवळजवळ अख्खा महाराष्ट्र! सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत ना ऊस, ना कापूस, ना एखादं शहर. नुसती पामची झाडं. त्यातला निम्म्याहून अधिक भाग एकट्या इंडोनेशियात आहे. २०१५ मध्ये तिथे आगी लागल्या. लागवडीसाठी जमीन साफ करायला लावलेली आग, पाणी काढून कोरडी केलेली दलदल आणि जोडीला एल निनो. काही महिन्यांत २६ लाख हेक्टर जळालं. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे मिळून जेवढे भरतात, तेवढं! जागतिक बँकेने नुकसान काढलं १,६०० कोटी डॉलर. तेव्हाच्या भावाने एक लाख कोटी रुपयांच्या वर.

आतापर्यंत आकडे फुगत होते. आता आक्रसताना बघा. १९९९ ते २०१५ या काळात एकट्या बोर्निओ बेटावरून १,४८,००० ओरांगउटान नाहीसे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वानखेडे स्टेडियम चार वेळा भरून वर उरतील इतके. दिवसाला पंचवीस, म्हणजे तासाला एक! दोष एकट्या पामचा नव्हे. शिकार आहे, लाकूडतोड आहे, खाणी आहेत. उरले किती? २०१६ च्या अंदाजाप्रमाणे बोर्निओत लाखभर, सुमात्रात १४,०००. आणि २०१७ मध्ये स्वतंत्र जात म्हणून ओळखले गेलेले तापानुली ओरांगउटान? ८०० पेक्षा कमी. बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये जगातले सगळे तापानुली बसून जातील, एकालाही उभं राहावं लागणार नाही!

मादी पंधरा वर्षांची होते तेव्हा कुठे पहिलं पिल्लू होतं. पुढचं सात-आठ वर्षांनी. म्हणजे तेलाची गाडी दर साडेसतरा मिनिटांनी सुटते आणि एका पिल्लापासून दुसऱ्या पिल्लापर्यंत सव्वादोन लाख गाड्या निघून जातात. सव्वादोन लाख!

मग पाम तेलच बंद करू? थांबा, इथे गणित उलटतं. पाम हेक्टरी अडीच-तीन टन तेल देतो. सोयाबीनचं तेल अर्धा टनही निघत नाही. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं तर १५ कोटी हेक्टर लागतील. एका महाराष्ट्राचे पाच महाराष्ट्र, जवळजवळ अर्धा भारत! म्हणूनच इंग्लंडमधल्या चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयाने बहिष्काराऐवजी जंगल न तोडता पिकवलेल्या तेलाचा आग्रह धरला. २०१९ मध्ये चेस्टर हे शाश्वत पाम तेल वापरणारं जगातलं पहिलं शहर म्हणून जाहीर झालं. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना वर्षाला ७० कोटी भेटी होतात, भारताच्या निम्म्या लोकसंख्येएवढ्या. एवढी गर्दी दारात येत असेल तर मोहीम काढायला आणखी काय हवं?

२००४ मध्ये स्थापन झालेल्या आरएसपीओ या संस्थेच्या निकषांवर असं शाश्वत तेल प्रमाणित होतं. आज जगातल्या पाम तेलाचा साधारण पाचवा हिस्सा प्रमाणित आहे, म्हणजे ३०,००० पैकी ६,००० गाड्या. मेलबर्नने जी ओळ मागितली, ती आपल्या पाकिटांवर कायद्याने छापावीच लागते: खाद्य वनस्पती तेल, कंसात पाम किंवा पामोलीन. ती वाचून आपण प्रमाणित तेलच मागायला लागलो तर? आपल्या ३,२०० गाड्या त्यात मिळवा. सहा हजारांवरून थेट नऊ हजारांवर! दीडपट उडी, आणि तीही एकाच गिऱ्हाईकाच्या जोरावर!