कर्ली नदी
कर्ली ही महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक छोटी पश्चिमवाहिनी नदी आहे. सह्याद्रीतून उतरून ती कुडाळजवळून वाहते (तेथे तिला भंगसाळ म्हणतात) आणि देवबाग व भोगवे या गावांदरम्यान अरबी समुद्रास मिळते. देवबाग हे गाव नदी आणि समुद्र यांमधील वाळूच्या अरुंद पट्ट्यावर वसलेले असल्याने त्यास धुपेचा धोका दोन्ही बाजूंनी आहे. खाडीच्या काठी कांदळवने आहेत. त्यांतील पांढरी चिप्पी हा २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. ओहोटीच्या वेळी चिखलावर खेकडे व निवटे वावरतात आणि त्यांच्यावर टपलेले बगळे, खंड्या दिसतात. कांदळांच्या मुळांत गाळ अडून काठ टिकतो. मात्र हे संरक्षण खाडीच्या बाजूपुरतेच आहे. उघड्या समुद्राच्या लाटांपुढे कांदळवन रुजत नाही.