होडीला मशीन लावताना

नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला वाहिला, की पावसाळाभर पडवीत झाकून ठेवलेली मशीनं बाहेर निघतात. मशीन म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन, आउटबोर्ड. नॉर्वेत जन्मलेल्या ओल एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत ते बनवून विकायला सुरुवात केली. आपल्याकडे ते किती ताकदीचं, यावर तासभर चर्चा रंगते. ते फळीवर बसलंय कसं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

मी ही मशीनं दुरुस्त करतो. एकदा एका गृहस्थांची तक्रार आली, मशीन नवं, पण होडी पळत नाही आणि मागून पाण्याचे फवारे अंगावर येतात. मशीन उत्तम होतं. पण फळी होती पंधरा इंचांची आणि मशीन वीस इंची फळीसाठीचं. पाच इंच जास्तीचं लोखंड पाण्यात ओढत ते चालले होते! फळीवर सागवानी ठोकळा बोल्टांनी पक्का बसवला आणि तक्रार मिटली.

उंची पाहायची सोपी खूण आहे. पंख्याच्या बरोबर वर एक आडवी पाटी असते. ती होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली हवी. वरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये, म्हणून ती असते. मशीन फार वर बसलं, तर पंखा पाण्याऐवजी हवा कापतो. आवाज वाढतो, होडी मात्र रेटली जात नाही. शांत खाडीत हे खपून जातं. पण खाडीच्या मुखाशी, जिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, तिथे ऐन वेळी जोर गेला की होडी आडवी होते आणि पुढची लाट सरळ आत येते.

दुसरी गोष्ट कलण्याची. मशीन फळीपासून किती दूर राहावं, हे ठरवायला कंसात चार-पाच भोकं आणि एक खीळ असते. होडी वेगात असताना नाळ आकाशाकडे बघू लागली, तर खीळ फळीकडच्या भोकात घाला. नाळ पाण्यात घुसत असेल, तर एक भोक बाहेर. ही परीक्षा नेहमीची माणसं आणि जाळी होडीत घेऊनच करावी. रिकाम्या होडीवर जुळवलेलं भरल्या होडीला लागू पडत नाही.

मशीन फळीच्या मध्यावर घ्या. पकडीचे स्क्रू हातानं घट्ट आवळा आणि दहा मिनिटं चालवून पुन्हा आवळा, कारण हादऱ्यानं ते सैल होतात. शिवाय एक साखळी होडीला बांधाच. पकड सुटली, तरी मशीन तळाला जाणार नाही. मशीन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला हवी. माणूस पाण्यात पडला आणि मशीन चालूच राहिलं, तर होडी गोल फिरून पंख्यासकट त्याच्याच अंगावर येऊ शकते. तरीही ही दोरी बहुतेक वेळा हँडललाच गुंडाळलेली दिसते!

सुरू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडते ना, तेवढं बघा. नसेल, तर लगेच बंद करा. थंड करणारं पाणी आत जात नाहीये, बहुधा खालच्या जाळीत शेवाळ किंवा प्लॅस्टिक अडकलं असेल. आणि घरी आल्यावर मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात पाच-दहा मिनिटं चालवा, म्हणजे आतलं मीठ निघून जाईल.