विळी आणि जपानी सुऱ्या

मराठी घरातील विळीला बंगळूरच्या कानडी घरात ‘ईळिगे मणे’ म्हणतात. पाट तोच, उभे वाकडे पाते तेच, नारळ खवण्याचे दातेरी टोकही तेच. शहाजीराजांच्या काळी, म्हणजे सतराव्या शतकात, या नगरात आलेल्या मराठी कुटुंबांना भोवतालची भाषा नवी होती; भाजी चिरण्याची रीत मात्र ओळखीची होती. तमिळनाडूतील ‘अरिवाळमणै’ आणि बंगालमधील ‘बोंटी’ ही तिचीच भावंडे. या सर्वांचे तत्त्व एकच आहे: पाते स्थिर राहते आणि पदार्थ त्याच्याकडे जातो. चिरणारी व्यक्ती जमिनीवर बसून पायाने पाट दाबून धरते, त्यामुळे तिचे दोन्ही हात मोकळे राहतात.

स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर आला आणि ही बैठक मोडली. पाते आता हातात आले. अशा ओट्यावर हल्ली शहरातून जपानी सुऱ्याही दिसू लागल्या आहेत. त्यांची नावे अनेक असल्यामुळे घेणारा गोंधळतो. परंतु धार कोणत्या बाजूस आहे आणि सुरी कशासाठी घडवली आहे, हे दोन प्रश्न विचारले की बराचसा उलगडा होतो.

जपानची परंपरागत सुरी एकाच बाजूने उतरती घासलेली असते. दुसरी बाजू जवळजवळ सपाट असते. त्यामुळे काप अतिशय स्वच्छ निघतो. मात्र पाते एका अंगाला ओढ घेते, म्हणून हात सरावाचा लागतो आणि डावखुऱ्यासाठी वेगळी सुरी घडवावी लागते. या वर्गात तीन सुऱ्या मुख्य आहेत. जाड पाठीची, वजनदार ‘देबा’ मासे साफ करण्यासाठी व त्यांचे मांस काट्यापासून सोडवण्यासाठी. लांब, अरुंद ‘यानागिबा’ कच्च्या मासळीचे पातळ काप एकाच ओढीत काढण्यासाठी. तिच्या नावाचा अर्थ विलोवृक्षाच्या पानासारखे पाते. आणि पातळ पात्याची ‘उसुबा’ भाजीच्या नाजूक कामासाठी.

दोन्ही बाजूंनी धार दिलेल्या सुऱ्या घरगुती हाताला सोप्या जातात. चौकोनी पात्याची ‘नाकिरी’ केवळ भाजीची. ‘ग्युतो’ ही मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, पाश्चात्त्य सुरीवरून आली. तिच्या नावात गाय आणि तलवार ही दोन अक्षरे आहेत, कारण ती मुळात मांसासाठी होती. विसाव्या शतकात रूढ झालेली ‘सान्तोकु’ म्हणजे ‘तीन गुण’: मांस, मासे आणि भाजी या तिन्हींना चालणारी. तिचे पाते बहुधा १६ ते १८ सेंटिमीटर असते. जपानात तलवार बाळगण्यास १८७६ साली बंदी झाली, तेव्हा अनेक लोहारांचे कसब घरगुती हत्यारांकडे वळले. ओसाकाजवळचे साकाई आणि गिफू प्रांतातील सेकी ही गावे आजही सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहेत.

जपानी पोलाद सहसा अधिक कठीण असते. म्हणून धार पातळ देता येते आणि ती पुष्कळ काळ टिकते. पण कठीण पोलाद ठिसूळही असते. अशा सुरीने नारळाची करवंटी फोडली, मटणाचे हाड तोडले किंवा गोठलेला पदार्थ खणला, तर धारेचा कपचा उडतो. तो उडाला की पुष्कळ पोलाद घासून काढल्याशिवाय धार पूर्ववत होत नाही. साध्या कार्बनी पोलादाची सुरी चिंच, लिंबू किंवा कोकम लागल्यावर तशीच ठेवली तर काळी पडते आणि गंजते. ती लगेच धुऊन कोरडी करावी लागते. फळी लाकडाची असावी. दगडी ओट्यावर थेट चिरू नये. धार पाण्यात भिजवलेल्या दगडावर पाजवावी. बोथट सुरी निरुपद्रवी असते हा समज खोटा आहे. तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि घसरून ती बोटावर येते.

ज्या घरात रोज पालेभाजी, कांदा आणि टोमॅटो चिरायचे आहेत, त्या घराला एक सान्तोकु किंवा नाकिरी पुरते. यानागिबाची शोभा तेथे वाया जाते. मात्र नारळ खवण्याचे काम यांपैकी एकही सुरी करू शकत नाही, आणि चिकाने माखलेला कच्चा फणसही दोन्ही हातांनी विळीवर सोपा जातो. म्हणून नवी सुरी घरात आली तरी जुनी विळी माळ्यावर टाकण्याचे कारण नाही.